प्रा. मधु दंडवते : राजापूरची वीस वर्षं

वाघोटनकर :

कोकण रेल्वेचा विषय निघाला की दोन-तीन नावं ठरलेली. मार्ग बांधणारे अभियंते श्रीधरन, जॉर्ज फर्नांडिस, आणि तिसरं दंडवत्यांचं, तेही बऱ्याचदा 'हो, त्यांनीही प्रयत्न केले होते' इतपतच. मला त्यांच्याबद्दल रेल्वेच्या पलीकडचंही लिहायचं आहे. माझ्या मते महाराष्ट्राने दिल्लीला पाठवलेल्या संसदपटूंत त्यांचं नाव पहिल्या चार-पाचांत घ्यावं लागतं, आणि एका गरीब, मागे पडलेल्या मतदारसंघाने असा माणूस सलग पाच वेळा निवडून दिला, ही त्या मतदारसंघाचीही कमाई आहे.

आधी थोडं मागचं. राजापूर लोकसभा मतदारसंघ म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा इथून बॅ. नाथ पै गेले. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात ते अचानक वारले आणि पाठोपाठ मार्चमध्ये निवडणूक. प्रजासमाजवादी पक्षाने उमेदवारी दिली ती मुंबईतल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला. जन्म तेव्हाच्या अहमदनगरचा, १९२४ चा. नोकरी सिद्धार्थ कॉलेजात. बेचाळीसच्या चळवळीतून आलेले, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात उतरलेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात असलेले. कोकणाशी नातं होतं ते चळवळीचं. इथे ना त्यांचं घर होतं, ना भावकी.

ती निवडणूक 'गरिबी हटाव'ची. प्रजासमाजवादी पक्षाला देशभरात मिळून दोन जागा मिळाल्या, त्यातली एक राजापूरची. मग १९७७, १९८०, १९८४, १९८९. यात मला सगळ्यात मोठी वाटते ती १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेले पाचजण म्हणजे बारामतीत शरद पवार, औरंगाबादेत साहेबराव डोणगावकर, कुलाब्यात दि. बा. पाटील, दक्षिण मध्य मुंबईत दत्ता सामंत आणि राजापुरात दंडवते. पवारांच्या मागे सहकाराचं जाळं होतं, दि. बां.च्या मागे शेकाप आणि आगरी समाज, सामंतांच्या मागे गिरणी कामगार. दंडवत्यांकडे कारखाना नव्हता, बँक नव्हती, शिक्षणसंस्थांचं साम्राज्य नव्हतं, जातीचं गणितही नव्हतं. होते ते प्राथमिक शिक्षक, राष्ट्र सेवा दलाचे जुने कार्यकर्ते, मुंबईहून येणारे चाकरमानी आणि त्यांच्या सभांना बसणारा श्रोता.

आता रेल्वे. लोक विचारतात की १९७७ ते १९७९ दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते, मग तेव्हाच का नाही आणली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच त्यांची खरी कारकीर्द दिसते असं मला वाटतं. मंत्र्याने मनात आणलं म्हणून शेकडो किलोमीटरचा डोंगरी मार्ग होत नाही. नियोजन आयोग आधी परतावा विचारायचा, आणि सह्याद्रीच्या पायथ्याने, नद्या-खाड्या ओलांडत जाणारा मार्ग त्या हिशेबात कधीच बसत नव्हता. गाडी १९६० च्या दशकात पनवेल-आपट्यापर्यंत आलेली. त्यांच्या काळात पुढे रोह्यापर्यंतचं काम मार्गी लागलं आणि रोह्याला ती पोचली १९८६ मध्ये. म्हणजे रेल्वेमंत्री असूनही आपल्या मतदारसंघाच्या वेशीपर्यंतसुद्धा रूळ गेले नाहीत.

त्यानंतरची दहा वर्षं ते विरोधी बाकांवर होते. रेल्वे अर्थसंकल्पावरची भाषणं, कपात सूचना, प्रश्न, पत्रं. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने आयुष्य घालून या मार्गाची आखणी आणि हिशेब मांडून ठेवलेले होते, ते लोकांपुढे आणि सरकारपुढे पुन्हा पुन्हा ठेवायचं काम कुणीतरी न कंटाळता करावं लागत होतं.

मग डिसेंबर १९८९ उजाडला. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात रेल्वेमंत्री मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे आणि अर्थमंत्री राजापूरचे खासदार. पश्चिम किनाऱ्याच्या नशिबात असा योग आधी आला नव्हता, नंतरही नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं की या तिघांनी 'सरकारने पैसे द्यावेत' हा जुना हट्ट सोडला आणि वेगळं महामंडळ काढून रोखे विकून बाजारातून पैसा उभारायचा मार्ग धरला. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, १५ सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली आणि नोव्हेंबरात सरकार पडलं. दोन महिने उशीर झाला असता तर?

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. ज्या वेळी मार्गाचं काम सुरू होत होतं त्याच वेळी.

मला हा पराभव कधीच नीट समजलेला नाही. त्या काळात मतदार असलेल्यांनी लिहावं. आणि एक मोठा प्रश्नही आहे: वीस वर्षांच्या खासदाराचं मोजमाप आपण नेमकं कशाने करायचं?

---

रुळांवरून :

उत्तम धागा. रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी जे केलं ते कोकणापुरतं नव्हतं, म्हणून थोडी भर घालतो. आमचं घर रेल्वेचं, त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानावर.

८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला. वीसेक दिवस चालला, सतरा लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. सरकारने तो चिरडला आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याची नोकरी गेली त्याचं क्वार्टरही जायचं, पोरांची शाळा जायची, आणि वर आणीबाणी आल्यावर तर दाद मागायलाही जागा उरली नाही. १९७७ मध्ये मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी सुरुवातीलाच या लोकांना कामावर परत घ्यायचा निर्णय केला. आमच्या वसाहतीत त्या बातमीनंतर कुणी फटाके वगैरे लावले नाहीत, बायका नुसत्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, असं आई सांगते.

दुसरी गोष्ट फोमची. पन्नाशीच्या आतल्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला लाकडी फळी असायची. पट्ट्या मारलेली, मधे फटी. उघड्या पाठीने पडलं तर सकाळी वळ उठलेले दिसायचे. वळकटी असेल तो ती पसरायचा, नसेल तो धोतर किंवा चादर दुमडून खाली घालायचा, आणि गाडीने ब्रेक मारला की हाड फळीवर आपटायचं. दोन-दोन रात्रींचा प्रवास असाच. पहिल्या वर्गाला गादी होतीच. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम घालायला लावला. पहिल्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही, खालच्या वर्गाला वर आणलं. समाजवाद म्हणजे काय यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण मला तो या दोन इंचांत कळला.

२६ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेसही त्यांचीच. वर्गच नसलेली पहिली लांब पल्ल्याची वेगवान गाडी. तोवर वेग हा वरच्या वर्गाचा हक्क समजला जायचा.

---

तटस्थ :

आदर राखून वेगळं मत मांडतो.

माणूस स्वच्छ, विद्वान, मोठा वक्ता, सगळं मान्य. पण नाथ पै आणि दंडवते मिळून १९५७ ते १९९१ अशी चौतीस वर्षं हा मतदारसंघ एकाच विचारधारेकडे होता. या चौतीस वर्षांत दक्षिण कोकणात काय उभं राहिलं? पोरगा दहावी झाला की मुंबईची एसटी. गावात उरायचे म्हातारे, बायका आणि मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन. आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे मोठे उद्योग उभे राहिले नाहीत, बंदरं गाळाने भरत गेली. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्राचे खासदार-आमदार दिल्ली-मुंबईतून कारखाने, धरणं, दूधसंघ खेचून नेत होते. संसदेत गाजणारी भाषणं आमच्या विहिरीला पाणी आणत नाहीत.

१९९१ ला लोकांनी काही कृतघ्नपणा केला नाही. वीस वर्षं वाट पाहून त्यांनी बदल मागितला. त्यात गैर काय?

---

कणकवली_स्टेशन :

वाचून बरा वाटला. माझो आजो प्राथमिक शाळेत मास्तर होतो, सेवादलाचो. इलेक्शन इला की सायकल काढून वाडीवाडीन फिरा. पैसो कोण देय नाय, चाय सुद्धा सवताच्या पैशाची. १९९१ चो निकाल लागलो त्या दिवशी तो जेवलो नाय, असा आई अजून सांगता.

पण ह्या पण खरा, तवसर पोरांका समाजवादी म्हंजे काय ता सांगूक कोण उरलेलोच नाय. मास्तर म्हातारे झाले, सेवादलाची शाखा बंद पडली, आणि मुंबयसून येणारो चाकरमानी शिवसेनेचो झेंडो घेवन येवक लागलो. आज्याची पिढी संपली तशी तेंची मतां पण संपली.

---

वाघोटनकर :

@कणकवली_स्टेशन, आभार. माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. जो चाकरमानी १९७० च्या दशकात दंडवत्यांची ताकद होता, तोच १९९० पर्यंत दुसरीकडे गेला होता.

@तटस्थ, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

एक, खासदार निधी ही योजनाच डिसेंबर १९९३ मध्ये आली. सुरुवातीला पाच लाख, लगेच एक कोटी, १९९८ पासून दोन कोटी, २०११ पासून पाच कोटी. दंडवत्यांच्या वीस वर्षांत खासदाराच्या हातात खर्च करायला असा एक रुपयाही नव्हता. सभामंडप नाही, स्मशानशेड नाही, नावाची पाटी नाही. आज आपण खासदाराला ज्या कामांवरून ओळखतो त्यातलं काहीच त्या काळी खासदाराचं काम नव्हतं.

दुसरी गोष्ट सत्तेची. या वीस वर्षांत ते सत्ताधारी बाकांवर होते ती जेमतेम सव्वातीन वर्षं. पश्चिम महाराष्ट्राचे नेते राज्यात आणि दिल्लीत दोन्हीकडे सरकारात होते. विरोधी खासदाराच्या हातात प्रश्न विचारण्याखेरीज काय असतं?

पण तो प्रश्न कसा विचारला जातो हे एकदा बघण्यासारखं आहे. लेखी सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यायची. चिठ्ठ्या निघतात. दिवसाला वीसच तारांकित प्रश्न, त्यातले तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते मोजकेच. छापील उत्तर मंत्र्याच्या खात्याने तयार केलेलं असतं, त्यात हाताला काही लागत नाही. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नात. तो ऐन वेळी, उभ्या उभ्या, मंत्र्याच्या उत्तरातली फट पकडून विचारायचा असतो आणि मंत्र्याला तिथेच उत्तर द्यावं लागतं. ज्याने खात्याचा अहवाल आणि मागच्या वर्षीचं उत्तर वाचलेलं नाही त्याला तो जमत नाही. दंडवत्यांची ख्याती होती ती याची. चाळीस मिनिटांच्या तासात गुंतागुंतीची गोष्ट स्वच्छ मांडायची सवय त्यांना वर्गात लागली असणार. आणि हे सगळं कॅमेऱ्याशिवाय. सभागृहातलं कामकाज दूरदर्शनवर दिसायला लागलं तेव्हा त्यांची कारकीर्द संपत आली होती.

विहिरीला पाणी आणणं हे आमदाराचं, जिल्हा परिषदेचं काम. आपण खासदाराला ते विचारायला लागलो आणि खासदाराचं काम विचारायचं राहून गेलं.

---

घटनाप्रेमी :

आणीबाणीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून.

जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या निमित्ताने काही खासदार बंगळुरूत होते. २६ तारखेला पहाटे आणीबाणी जाहीर झाल्यावर वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते तिथेच पकडले गेले. बंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात जनसंघाचे दोघे आणि समाजवादी दंडवते एकत्र. या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात देहोपस्थितीचे (हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असे) अर्ज केले आणि तिथे सरकारला उत्तरं द्यायला लावली. पुढे ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात जबलपूर खटल्यात गेली. २८ एप्रिल १९७६ चा तो निकाल, चार विरुद्ध एक. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही, असं चार न्यायाधीशांनी म्हटलं. विरोधात एकटे न्या. हं. रा. खन्ना.

म्हणजे ज्या खटल्याला आपल्या घटनात्मक इतिहासातला सर्वांत काळा दिवस म्हणतात, त्यात राजापूरचा खासदार पक्षकार होता. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निर्णय मोडीत काढला. ते बघायला दंडवते नव्हते.

@तटस्थ, मतदारसंघाला याचा काय उपयोग असं आपण विचाराल. पण ज्याला बिनचौकशी कोंडता येतं त्याच्या विहिरीचं पाणीही त्याचं राहत नाही.

---

वाचनवेडी :

त्याच काळात प्रमिलाताई दंडवते येरवड्यात होत्या. नवरा बंगळुरूत, बायको पुण्यात, मुलगा बाहेर. दोन तुरुंगांमधून त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत. ती पत्रंही सेन्सॉरच्या नजरेखालून जायची.

प्रमिलाताईंबद्दल स्वतंत्र धागा व्हायला हवा. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या त्या नेत्या. १९७६ मध्ये महिला दक्षता समिती उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८० मध्ये उत्तर मध्य मुंबईतून त्या लोकसभेत गेल्या. म्हणजे सातव्या लोकसभेत नवरा-बायको दोघंही, दोन वेगळ्या मतदारसंघांतून, आपापल्या बळावर. हुंडाबंदी कायदा कडक व्हावा म्हणून त्या सभागृहात आणि सभागृहाबाहेर सतत भांडत राहिल्या. त्यांना 'दंडवत्यांच्या पत्नी' म्हणून आटपून टाकणं हा मोठा अन्याय आहे, आणि या धाग्यावर तरी तो होऊ नये म्हणून लिहिलं.

---

खानदेशी :

'दीर्घकाळ खासदार' म्हटलं की आमच्याकडे माणिकराव गावित आठवतात. नंदुरबारहून १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २०१४ पर्यंत, तब्बल नऊ वेळा. त्यांच्यापुढे दंडवत्यांचे पाच म्हणजे थोडेच. देशात बघायचं तर इंद्रजित गुप्त अकरा वेळा, सोमनाथ चटर्जी दहा वेळा.

मुद्दा असा की दीर्घ कारकीर्द दोन प्रकारची असते. गावित साहेब सभागृहात फार बोलले म्हणून ओळखले गेले नाहीत. पण सातपुड्यातला आदिवासी त्यांच्या घरी केव्हाही जाऊ शकायचा, ओट्यावर बसून तक्रार सांगू शकायचा. ते प्रतिनिधित्वच होतं. दंडवत्यांसारखे खासदार देशाचा विचार करायचे, गावितांसारखे माणसाला धरून ठेवायचे. मला दोन्ही लागतात. फक्त पहिल्या प्रकाराचं कौतुक शहरी, शिकलेली मंडळी करतात आणि दुसऱ्याला नावं ठेवतात, ते मला खटकतं.

---

वाघोटनकर :

@खानदेशी, पूर्ण सहमत, आणि हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. गावितांवर तुम्हीच लिहा, जवळून पाहिलेल्याने लिहिलेलं वाचायला आवडेल.

---

आकडेमोड :

अर्थमंत्री म्हणून त्यांची बाजू जरा कमकुवत आहे, तीही इथे यायला हवी.

मार्च १९९० चा त्यांचा अर्थसंकल्प हा त्यांचा एकुलता एक. त्यात शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ करायची योजना होती. जनता दलाचं निवडणुकीतलं आश्वासन होतं, ते पाळलं. पण तेव्हा तिजोरीची अवस्था आधीच बिकट होती, तूट फुगलेली होती, आणि कर्जफेडीची शिस्त एकदा मोडली की बँका, विशेषतः सहकारी संस्था, किती काळ लंगडतात हे नंतर दिसलंच. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेल भडकलं, परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. १९९१ मध्ये सोनं गहाण टाकायची वेळ आली ती दुसऱ्या सरकारवर, पण उतार १९९० मध्येच लागला होता. याचा सगळा दोष दंडवत्यांना देता येणार नाही, कारण तूट आधीच्या दहा वर्षांची होती. पण संकट समोर दिसत असताना कठोर पाऊल उचलायला ते सरकार तयार नव्हतं, हेही तितकंच खरं.

संसदपटू म्हणून दहापैकी दहा, रेल्वेमंत्री म्हणून नऊ, अर्थमंत्री म्हणून मी पाच देईन.

---

सोनारआळी :

@आकडेमोड, त्या पाचात माझ्यातर्फे एक वाढवा. सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनीच रद्द केला, १९९० मध्ये.

१९६३ साली मोरारजींनी सुवर्ण नियंत्रण आणलं तेव्हा आमच्या आळीतली निम्मी दुकानं बंद झाली. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी आली. ती पुढे उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या, कच्चं सोनं बाळगायला बंदी, केव्हाही येणारा इन्स्पेक्टर, हे सगळं कायम राहिलं. वडील रोज दुकान बंद करायच्या आधी वही लिहायला बसायचे. किती आलं, किती घडवलं, घट किती, भट्टीतली राख किती. एक गुंज इकडची तिकडे झाली तर चोर ठरायची भीती. आणि खरा तस्कर मजेत होता. २७ वर्षांनी ती वही बंद झाली. आमच्यासाठी दंडवते हे नाव त्यासाठी आहे, रेल्वेसाठी नाही.

---

तटस्थ :

प्रतिसाद वाचले. घटनाप्रेमींचा मुद्दा मान्य. पण रेल्वेबद्दल एक राहिलंच. आली ती कुणासाठी? केरळ आणि गोव्याच्या गाड्या सिंधुदुर्गातून धडधडत जातात, बऱ्याच थांबत नाहीत. गणपतीत आरक्षण उघडल्यावर मिनिटांत संपतं. पावसात दरड आली की सगळं ठप्प. जमिनी आमच्या गेल्या.

---

रुळांवरून :

@तटस्थ, जमिनीचं खरं आहे, आणि त्या लोकांनी मोठ्या विरोधाशिवाय जमिनी दिल्या याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

पण गाड्या कुणाच्या, याचं मूळ महामंडळाच्या रचनेत आहे. सुरुवातीचं भागभांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकचं १५, गोवा आणि केरळचं ६-६. म्हणजे राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. बाकी पैसा रोख्यांतून. साधारण ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला आणि १ मे १९९८ ला रत्नागिरीत वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला. बंगळुरूच्या तुरुंगातले सोबती. कर्ज फेडायचं असल्याने लांब पल्ल्याची वाहतूक आणि मालगाड्या यांनाच प्राधान्य मिळत गेलं. १९९० मध्ये पैसा उभा करायचा तो एकमेव रस्ता होता, पण त्याच रचनेमुळे पुढे दुहेरीकरणाला पैसा उरला नाही. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. दुहेरी मार्ग मात्र रोहा ते वीर एवढाच, ४७ किलोमीटरच्या आसपास. एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या चालवायच्या म्हटलं की क्रॉसिंगला थांबणं आलंच, आणि नवी गाडी मागितली की 'मार्गाची क्षमता संपली' हे उत्तर ठरलेलं.

आता चारही राज्यांनी भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली आहे. आपल्या राज्याने 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं अशी अट घातली आहे. नाव राहील, पण वीरच्या पुढचं दुहेरीकरण विलीनीकरणाच्या कागदावर आलं पाहिजे.

---

वाचनवेडी :

सावंतवाडीच्या टर्मिनसचं पण घ्या त्यात. त्याला दंडवत्यांचं नाव द्यावं ही मागणी आहे, ठीक आहे, पण आधी ते खरोखर टर्मिनस होऊ दे. तिथून सुटणाऱ्या गाड्या, गाडी धुवायची-भरायची सोय, पाणी. नुसती कमान नको. स्वतःचा देहसुद्धा जे. जे. रुग्णालयाला देऊन गेलेल्या माणसाला कमानीत काय रस असणार.

---

वाघोटनकर :

@वाचनवेडी +१.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड, दोन्ही खासदारांकडे पुढच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा मसुदा पाठवायचा विचार आहे. सध्या तीन गोष्टी धरल्या आहेत: वीर ते सावंतवाडी दुहेरीकरण कोणत्या टप्प्यांत आणि कोणत्या वर्षी, विलीनीकरणानंतर महामंडळाचं कर्ज कुणाच्या माथी, आणि सावंतवाडीला गाड्यांच्या देखभालीची सोय मंजूर आहे की नाही. @तटस्थ, थांब्यांचा मुद्दा तुम्ही लिहून द्याल का? कोणत्या गाड्या, कोणती स्थानकं, नेमकं. @रुळांवरून, मार्गाच्या क्षमतेचे आकडे तुमच्याकडून हवेत, म्हणजे 'क्षमता संपली' या उत्तरावरचे पुरवणी प्रश्नही आधीच बांधून देता येतील. व्यक्तिगत निरोप करा, रविवारपर्यंत एकत्र करतो.